आधी वाघळांचं उड्डाण, मग मैफल

चैत्र-वैशाखात मराठवाड्यात दुपारी कुणी घराबाहेर पडत नाही आणि संध्याकाळी कुणी घरात थांबत नाही. ऊन कललं की पारावर, देवळाच्या पटांगणात, शाळेच्या मैदानात सतरंज्या पडतात. कुठे जत्रेतलं भारूड, कुठे सप्ताहाचं कीर्तन, कुठे शास्त्रीय गाण्याची बैठक. नांदेड जिल्ह्याला उघड्यावरच्या कलेची सवय जुनी आहे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लावणी रंगते. देगलूर तालुक्यात होट्टलच्या चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिराच्या सान्निध्यात जिल्हा प्रशासनाचा होट्टल महोत्सव भरतो.

नेमक्या याच वेळी गावातला आणखी एक समुदाय बाहेर पडत असतो. जुन्या वडा-चिंचेच्या शेंड्यावर दिवसभर उलटी लटकलेली मोठी फळखाऊ वाघळं पंख मोकळे करतात. पडक्या गढीच्या भेगांतून, किल्ल्याच्या कोठारांतून, देवळाच्या शिखराच्या फटींतून लहान कीटकभक्षी वाघळं, म्हणजे पाकोळ्या, सुटतात. सतरंजीवर बसलेल्या माणसांच्या डोक्यावरून हा सगळा ताफा निघून जातो आणि बहुतेकांचं लक्षही जात नाही. ते जावं म्हणून वाघळांच्या नावानेच एखादी सायंमैफल योजली, तर? कल्पना इकडे नवी वाटेल, पण ती करून दाखवलेलं एक शहर आहे. तिथून काय उचलायचं आणि काय तिथेच ठेवायचं, हे समजून घेतलं तर अशा मैफलीला जाणाऱ्यांना आणि ती भरवणाऱ्यांनाही तिचा खरा आनंद मिळेल.

ऑस्टिनचा पूल आणि तिथलं वेळापत्रक

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याची राजधानी ऑस्टिन. तिथल्या काँग्रेस अ‍ॅव्हेन्यू पुलाची 1980 मध्ये पुनर्बांधणी झाली. नव्या पुलाच्या तळाशी काँक्रीटमध्ये अरुंद, खोल फटी राहिल्या आणि त्या वाघळांना पसंत पडल्या. हजारोंच्या संख्येने ती येऊ लागली, तसे लोक घाबरले. त्यांना हुसकावून लावा, मारून टाका अशी मागणी झाली. 1986 मध्ये मर्लिन टटल हे वाघूळ-संशोधक आपली ‘बॅट कॉन्झर्वेशन इंटरनॅशनल’ ही संस्था घेऊन ऑस्टिनला आले. त्यांनी लोकांना पुलाखाली नेऊन वाघळं दाखवली, त्यांचं काम समजावून सांगितलं. आज भर हंगामात तिथे सुमारे 15 लाख वाघळं असतात आणि संध्याकाळी त्यांचं उड्डाण पाहायला पुलावर गर्दी होते. ऑगस्टमध्ये पुलावर ‘बॅट फेस्ट’ भरतो. वाद्यवृंद वाजतात, खाण्याचे ठेले लागतात, आणि अंधार पडू लागला की सगळ्यांच्या माना पुलाच्या कठड्याकडे वळतात.

या महोत्सवाचा महिना फार बोलका आहे. तिथल्या वाघळांच्या माद्या जूनमध्ये वितात. ऑगस्टपर्यंत पिल्लं उडू लागलेली असतात. म्हणजे गाणं-बजावणं होतं तेव्हा पुलाखालचं पाळणाघर रिकामं व्हायला लागलेलं असतं.

आपल्याकडचा उन्हाळा याच्या अगदी उलट आहे. भारतातली मोठी फळखाऊ वाघळं साधारण फेब्रुवारी ते मे या काळात वितात. मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. पहिले काही आठवडे ती ते पोटाशी धरूनच उडते, पुढे ते जड झालं की झाडावर ठेवून चरायला जाते. तेव्हा एप्रिल-मेमध्ये जी वडाची झाडं वाघळांनी लगडलेली दिसतात, ती बाळंतिणींची खोली असते. ऑस्टिनचा ऑगस्ट उचलून आपल्या वैशाखात ठेवला, तर ज्यांचा सण करायचा त्यांनाच तो महागात पडेल. मराठवाड्यातली वाघूळ-मैफल म्हणूनच छोटी, उशिरा सुरू होणारी आणि वसतीच्या झाडापासून लांब असायला हवी.

जागा: झाडाखाली नको, पाण्याकाठी

अशा कार्यक्रमाचं बोलावणं आलं तर आधी विचारावं, बसायची सोय कुठे आहे? उत्तर ‘वाघळांच्या झाडाखाली’ असं आलं, तर यजमानांना प्रेमाने जागा बदलायला सांगावं. झाडाखाली गर्दी झाली, ध्वनिक्षेपक लागले की दिवसभर उन्हाने थकलेल्या माद्या बिथरून उठतात आणि पिल्लं खाली पडतात. शिवाय वरून विष्ठा आणि उष्टी फळं पडत राहतात, ते वेगळंच. वसतीचं झाड आणि बैठक यांत किमान शंभर-दीडशे मीटर अंतर असावं आणि झाडाकडे जाणारी वाट दोरी बांधून बंद ठेवावी.

सर्वांत चांगली जागा म्हणजे पाण्याचा काठ. उन्हाळ्यात वाघळांना पाणी लागतंच आणि ती ते उडता उडता पितात. मोठं वाघूळ पाण्यावर खाली येतं, छाती-पोट पृष्ठभागाला घासून पुढे जातं, झाडावर जाऊन टेकतं आणि भिजलेली लव चाटतं. लहान पाकोळ्या तर पाण्याला नुसता ओठ लावून निघून जातात. पाण्यावर किडेही घोंघावत असतात, त्यामुळे शिकारही तिथेच चालते. नांदेडला विष्णुपुरीचा जलाशय आणि गोदावरीचा काठ आहे. कंधारला राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग तलाव आणि जवळच भुईकोट किल्ला आहे. लातूरकडे मांजरा नदीवरचे बंधारे आहेत. मोकळं पाणी, मागे जुने वृक्ष आणि पश्चिमेकडे उघडं आभाळ एवढं जिथे आहे, तिथे मुद्दाम काही सजवावं लागत नाही.

लेणी आणि किल्ल्यांच्या आत मात्र शिरू नये. औसा-निलंगा रस्त्यावरची खरोसा लेणी असोत की माहूरची, ती दिवसा उजेडी, शांतपणे बघावीत. कुठल्याही जुन्या वास्तूत वाघळांचा वास येऊ लागला, पायाखाली विष्ठेचा थर लागला की तिथूनच मागे फिरावं. वाघळांना त्रास होतो हे एक कारण. बंद जागेतल्या विष्ठेच्या धुळीतून फुप्फुसाचा बुरशीजन्य आजार होऊ शकतो, हे दुसरं.

वेळ: घड्याळ सूर्याचं

एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत नांदेड-लातूर भागात सूर्य साधारण साडेसहा ते सातच्या दरम्यान मावळतो. मावळल्यावर दहा-वीस मिनिटांत पाकोळ्या दिसू लागतात. मोठी फळखाऊ वाघळं त्यानंतर, उजेड बराच विझल्यावर निघतात. पत्रिकेवर ‘सायं. 6.30’ छापलेलं असलं तरी सहापर्यंत जागेवर पोहोचलेलं बरं. आल्यावर जागा धरावी, पाणी प्यावं, पोरांना बसवावं आणि सव्वासहानंतर हालचाल कमी करावी.

हिंदुस्तानी संगीतात हीच वेळ संधिप्रकाश रागांची आहे. मारवा, पूरिया धनाश्री, श्री हे राग दिवस-रात्रीच्या सांध्यावर गायले जातात. गायकाला वाटेल, उड्डाण चालू असतानाच मारवा आळवावा. पण तो मोह टाळायला हवा. सूर्यास्तापासून सुमारे पाऊण तास मंचावर काहीही वाजू नये, तानपुराही नाही. श्रोत्यांनी तेवढा वेळ नुसतं वर बघावं. मोठी वाघळं पांगली, आभाळ काळं झालं की मग यमन किंवा भूपाने बैठक सुरू करावी, पुढे भारूड, गवळण, शाहिरी जे असेल ते रंगवावं. रात्री दहाला मात्र थांबावं. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. वर्षातले ठरावीक दिवस शासन त्यात सूट देऊ शकतं, पण वाघळांच्या नावाने भरलेल्या मैफलीने ती सूट मागू नये. रात्री उशिरा आणि पहाटे माद्या पिल्लांकडे परतत असतात, तेव्हा परिसर शांतच हवा.

काय बघायचं, काय ऐकायचं

मोठं फळखाऊ वाघूळ ओळखायला सोपं. पंखांचा विस्तार चार फुटांच्या आसपास, कोल्ह्यासारखं तोंड, मोठे डोळे, संथ आणि जड पंखझेप. ते अंधारात डोळ्यांनी आणि नाकाने वाट शोधतं. झाडावर चाललेली त्यांची कलकल आपल्याला स्पष्ट ऐकू येते. सूर्यास्तापूर्वी दुर्बिणीतून लांबूनच झाडाकडे पाहिलं तर एखादी मादी एका पंखात पिल्लू गुंडाळून दुसऱ्या पंखाने वारा घेताना दिसेल. फार उकडलं की ती अंगावर लाळ चाटते आणि धापा टाकते. घाम येत नसल्यामुळे अंग थंड ठेवायला तिच्याकडे एवढेच उपाय असतात.

पाकोळ्यांचं गाणं आपल्या कानांना ऐकू येत नाही. माणसाला फार तर 20 हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर त्यांच्या बहुतेक हाका त्याहून वरच्या पट्टीतल्या असतात. या हाकांचा प्रतिध्वनी ऐकून त्या अंधारात किडा हेरतात. ‘बॅट डिटेक्टर’ नावाचं छोटं यंत्र त्या हाका आपल्याला ऐकू येतील अशा खालच्या पट्टीत आणतं. हे यंत्र मिळालं तर त्याला लहान स्पीकर जोडावा. आधी सुटे टकटक ठोके येतात. किडा सापडला की ठोके जवळ येऊ लागतात, आणि झडप घालायच्या क्षणी सेकंदाला दोनशेच्या घरात जाऊन एकच सरसर उमटते. तबलजी विलंबितातून द्रुतात शिरतो, तसं ते ऐकू येतं. मंचावरच्या तबलजीने त्यानंतर त्याच लयीवर चार आवर्तनं वाजवून दाखवली, तर मुलं ती संध्याकाळ विसरणार नाहीत.

निवेदकाने दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. पहिली झाडांची. वड, पिंपळ, उंबर, जांभूळ यांची फळं खाऊन मोठी वाघळं बिया लांबवर टाकत जातात. फुलांतला मध पिताना परागही एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. माळावर, बांधावर कुणी न लावलेली जी झाडं उगवलेली दिसतात, त्यांतली कित्येक अशीच रुजलेली असतात.

दुसरी गोष्ट शेतीची. ती सांगितली की नांदेडचा शेतकरी कान टवकारतो. टेक्सासच्या आठ कापूसपिकाऊ काउंट्यांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. वाघळं बोंडअळीचे पतंग खातात, त्यामुळे तिथल्या कापसाला वर्षाकाठी सुमारे 7 लाख 41 हजार डॉलरचा फायदा होतो, असा हिशेब त्यात मांडला आहे. ती बोंडअळी आपल्याकडच्या हिरव्या बोंडअळीची, म्हणजेच तुरी-हरभऱ्यावरच्या घाटेअळीची, जवळची भाऊबंद. ज्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून एन.एच.एच.-44 हे संकरित वाण निघालं, आणि ज्या लातूरची बाजारपेठ तूर-सोयाबीनवर उभी आहे, तिथे या नात्याची आठवण करून द्यायला मैफलीसारखी जागा नाही.

सोबत काय न्यावं

मे महिन्यात नांदेडचा पारा 42-43 अंशांवर जाणं नवं नाही. लातूर बालाघाटच्या पठारावर असल्याने संध्याकाळी तिथे वारा बरा असतो, पण दुपारचा प्रवास दोन्हीकडे त्रासाचाच. पाचनंतर निघावं, डोक्याला उपरणं किंवा रुमाल असावा. माणशी दोन लिटर पाणी घरूनच न्यावं. एप्रिल 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे पाहुण्यांनी पाण्याचा भार यजमानांवर टाकू नये. मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी, ताक किंवा पन्हं बाटलीत असलं तर उत्तम.

बाकी सामान थोडकंच. सतरंजी, दुर्बीण, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासांसाठी अंगाला लावायचं मलम. बॅटरी हवीच, कारण उन्हाळी रात्री विंचू-साप बाहेर असतात. तिच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावावा आणि झोत फक्त पायांपुढे टाकावा. मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवावा. ड्रोन, लेसर दिवे, फटाके यांना या कार्यक्रमात थारा नको. तमिळनाडूत काही गावं वाघळांच्या वसतीसाठी दिवाळीतही फटाके वाजवत नाहीत. आपल्याला एका संध्याकाळपुरतं ते जमण्यासारखं आहे.

एप्रिल-मेमधली वळवाची वीज मात्र गंमत नाही. पुण्याच्या ‘आयआयटीएम’ संस्थेचं ‘दामिनी’ हे अ‍ॅप निघण्यापूर्वी पाहावं. ढग गडगडू लागले तर पाण्याकाठ सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावं. झाडाखाली तर मुळीच उभं राहू नये.

भीती आणि खबरदारी

कोरोनाच्या काळात वाघळांची फार बदनामी झाली. मैफलीला आलेली आजी नातवाला मागे ओढणार आणि ‘हे रोग आणतात’ म्हणणार, हे गृहीत धरावं. तिच्यावर हसू नये, नीट उत्तर द्यावं. वाघळांत काही विषाणू आढळतात, हे खरं आहे. मार्च 2020 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने महाबळेश्वरच्या गुहेतली वाघळं तपासली, तेव्हा त्यांतल्या काहींत निपाह विषाणूविरोधी प्रतिपिंडं सापडली. पण डोक्यावरून उडत गेलेल्या वाघळामुळे कुणी आजारी पडत नाही. धोका जवळिकीतून येतो, आणि तो टाळता येतो.

वाघळाला कधीही हात लावू नये, जिवंत असो वा मेलेलं. झाडाखाली पडलेला, दात लागलेला आंबा, पेरू, जांभूळ खाऊ नये, मुलांना तर उचलूही देऊ नये. मैफलीतली फळं-सरबतं झाकून ठेवावीत. चुकून चावा किंवा ओरखडा लागलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि लगेच सरकारी दवाखाना गाठावा. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे.

उन्हाने वाघूळ खाली कोसळलेलं दिसणंही शक्य आहे. ऑस्ट्रेलियात 12 जानेवारी 2002 या एका दिवशी पारा 42 अंशांवर गेला आणि साडेतीन हजारांहून अधिक फळखाऊ वाघळं उष्म्याने मेली. त्यांत पिल्लं आणि दूध पाजणाऱ्या माद्या जास्त होत्या. मे 2020 मध्ये उत्तर प्रदेशात गोरखपूर भागातही उन्हाने वाघळं मोठ्या संख्येने पडली होती. असं दिसलं तर गर्दी हटवावी, कुत्री लांब ठेवावीत, दुरून सावली करावी आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा. वाघळाच्या चरबीचं तेल दम्यावर, सांधेदुखीवर चालतं म्हणून ती पळवणारेही भेटतात. त्या तेलाचा कसलाही गुण सिद्ध झालेला नाही आणि ही शिकार गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वाघळं उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द झाली. दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून अमलात आली आणि मोठ्या फळखाऊ वाघळाला दुसऱ्या अनुसूचीचं संरक्षण मिळालं.

भरवणाऱ्यांसाठी

17 एप्रिल हा जगभर वाघळांच्या कौतुकाचा दिवस पाळला जातो, आणि ऑगस्टअखेरीस आंतरराष्ट्रीय वाघूळ-रात्र असते. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये दीड-दोनशे माणसांची, पाण्याकाठची, शक्यतो ध्वनिक्षेपकाशिवायची बैठक करावी. मोठा मंच घालायचाच असेल तर तो ऑगस्टअखेरीसाठी राखून ठेवावा. तोवर पिल्लं उडती झालेली असतात आणि पावसाची उघडीप पाहून दिवस ठरवता येतो. ग्रामपंचायत, पोलीस ठाणे आणि वन विभागाचं वनपरिक्षेत्र कार्यालय यांना महिनाभर आधी कळवावं. किल्ला किंवा मंदिर संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

दिव्यांची तोंडं जमिनीकडे, रंग पिवळसर आणि संख्या कमी. स्पीकरची तोंडं वसतीच्या विरुद्ध दिशेला. कचऱ्याच्या टोपल्या जागोजागी, आणि झाडाकडच्या दोरीपाशी दोन समजूतदार स्वयंसेवक. गाणारे गावातलेच असावेत. भजनी मंडळ, शाळेतली मुलं, एखादा शाहीर असा सरंजाम असला की गर्दी आपुलकीची होते आणि खर्चही आवाक्यात राहतो.

येणाऱ्या प्रत्येकाला दारातच एक कागद-पेन्सिल द्यावी. पहिलं वाघूळ किती वाजता दिसलं, कुठून आलं, कुठे गेलं, अंदाजे किती होती, एवढंच त्यावर लिहायचं. कार्यक्रम संपल्यावर हे कागद गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे द्यावेत. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत अशी समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. त्या नोंदवहीत वाघळांचा वड गट नंबरासकट लिहून घ्यावा. उद्या रस्ता रुंदीकरणाची खूण त्या वडावर मारायला कुणी आलं, तर ग्रामसभेत पुढे ठेवायला गावाकडे लेखी पुरावा असेल.